टॅमरिन म्हणतंय सगळं हिरवं, मला मात्र धाकधूक (रोमिंग ऑथेंटिकेशनची औपचारिक पडताळणी)

अर्धविराम

नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असते, आज अडलंय म्हणून धागा काढतेय.

आम्ही तिघं मिळून फिरत्या उपकरणांसाठी एक छोटा ऑथेंटिकेशन प्रोटोकॉल आखतोय. उपकरणाची नोंदणी एका नेटवर्ककडे असते, पण ते फिरत फिरत भलत्याच नेटवर्कच्या हद्दीत पोचतं आणि तिथे त्याला सेवा हवी असते. म्हणजे रोमिंगच. पात्रं तीन: उपकरण (पुढे फोनच म्हणते), त्याचं घरचं नेटवर्क आणि पाहुणं नेटवर्क. फोन आणि घर यांच्यात एक कायमची गुप्त किल्ली असते, सिम कार्डात असते तशी. पाहुण्या नेटवर्कला ती कधीच कळता कामा नये. फोन दारात आला की ते घराला विचारतं, ‘हा तुमचाच ना?’ घर एक गाठोडं पाठवतं: एक रँडम आकडा, तो घरानेच धाडलाय हे फोनला पटवणारा मॅक (गुप्त किल्लीशिवाय काढता न येणारा छोटा शिक्का), फोनकडून यायला हवं ते उत्तर आणि पुढच्या संभाषणासाठी सत्राची किल्ली. पाहुणं नेटवर्क आकडा आणि मॅक फोनकडे सरकवतं. उत्तर जुळलं की काम झालं. जुनं गाठोडं कोणी पुन्हा खपवू नये म्हणून मॅकमध्ये एक काउंटरही मिसळलेला असतो. थ्रीजीपासून चालत आलेल्या एकेएचाच (मोबाईलची ओळख पटवून किल्ली ठरवण्याची रीत) साचा आहे हा, आम्ही थोडी काटछाट केलीय.

हे सगळं टॅमरिनमध्ये (प्रोटोकॉलचं मॉडेल गणिताने तपासणारं सॉफ्टवेअर) लिहिलं. हल्लेखोर नेहमीचा डोलेव्ह-याओवाला: हवेतला प्रत्येक निरोप तो ऐकतो, अडवतो, बदलतो, स्वतः रचूनही सोडतो. फक्त किल्ली नसेल तर कुलूप उघडू शकत नाही. लेमा, म्हणजे सिद्ध करायची विधानं, तीन लिहिले. सत्राची किल्ली हल्लेखोराला कळत नाही, हा पहिला. फोनने सत्र पूर्ण केलं तर त्याआधी घराने त्याच फोनसाठी तेच गाठोडं बनवलेलं असतं, हा दुसरा. तिसरा तसाच, पण पाहुण्या नेटवर्कच्या बाजूने.

तिन्ही हिरवे, म्हणजे सिद्ध. चार सेकंदांत.

बाकी दोघांनी अहवालाचा मसुदासुद्धा सुरू केला. मला मात्र खटकतंय. फाईव्हजीच्या एकेएचं मॉडेल करणाऱ्यांना टॅमरिनला वाट दाखवायला वेगळ्या युक्त्या लिहाव्या लागल्या होत्या, आणि आमचं चार सेकंदांत कसं उरकलं? कुठे बघू?

टवाळ_टोळ

चार सेकंदांत हिरवं? चौकातला सिग्नलसुद्धा त्याहून जास्त भाव खातो. (हलके घ्या.)

बाकी विषय डोक्यावरून गेला, पण वाचनखूण साठवली.

गाठनिरगाठ

अर्धविराम, खटकलं हे बरं झालं.

हल्ला सापडला नाही याचे दोन अर्थ होतात. एक तर प्रोटोकॉल भक्कम आहे, नाहीतर प्रोटोकॉल चालतच नाहीये. तुमचा दुसरा लेमा ‘फोनने सत्र पूर्ण केलं तर’ असा सुरू होतो. मॉडेलमधल्या फोनला सत्र पूर्ण करताच येत नसेल, तर त्या ‘तर’पुढे काहीही लिहा, टॅमरिन मान डोलावेल. आणि चटकन डोलावेल, कारण शोधण्यासारखं काही उरलेलंच नसतं.

आणखी एक लेमा लिहा, एग्झिस्ट्स-ट्रेस प्रकारचा: हल्लेखोराने एकही किल्ली फोडलेली नाही आणि तरी तिन्ही पात्रं शेवटपर्यंत पोचली, असा एक तरी मार्ग मॉडेलमध्ये आहे. तो हिरवा होतो का ते आधी बघा. बाकीचे तीन तोवर विसरून जा.

अर्धविराम

लाल. :(

दोन तास शोधलं तेव्हा कारण सापडलं. घराच्या नियमात मॅक काढताना काउंटर आधी आणि रँडम आकडा नंतर लिहिलाय. फोनच्या नियमात आकडा आधी, काउंटर नंतर. टॅमरिनसाठी या दोन वेगळ्याच जोड्या. त्यामुळे फोन प्रत्येक गाठोडं नाकारत होता, घराने प्रामाणिकपणे पाठवलेलंसुद्धा. टॅमरिनचा वेलफॉर्म्डनेसचा (मॉडेल नीट लिहिलंय का याचा) तपास गप्प, कारण व्याकरण दोन्हीकडे बरोबरच होतं.

म्हणजे तीन आठवडे आम्ही जो फोन सुरक्षित म्हणून मिरवत होतो, तो एकदाही कुठल्या नेटवर्कला जोडलाच गेला नव्हता.

गाठनिरगाठ

लाजू नका, बहुतेकांचं पहिलं मॉडेल असंच असतं. माझ्या एका मॉडेलमध्ये सर्व्हरची खासगी किल्ली कुठल्याच नियमात तयार होत नव्हती. मी त्यावर सादरीकरणही देऊन बसलो होतो.

जुना_खांब

चर्चा छान, पण एक कडू गोळी. मी वीसेक वर्षं सिग्नलिंगमध्ये आहे. रोमिंगमध्ये जे काही फुटतं ते तुमच्या लेमांच्या गावाला जातच नाही. एसएस७ (नेटवर्कांनी आपसात निरोप धाडायची जुनी व्यवस्था) घडलं तेव्हा ऑपरेटर मोजके होते, एकमेकांना ओळखून होते, ‘विचारणारा आपल्यातलाच’ असं गृहीत धरून सगळं बांधलं गेलं. पुढे त्याच जाळ्यात किती जण शिरले! त्यात ज्याला शिरकाव मिळाला त्याने ‘अमुक ग्राहक आता माझ्याकडे आहे’ असा निरोप धाडला की घरचं नेटवर्क त्याच्यावर विश्वास टाकतं. ग्राहकाचे एसएमएस तिकडे वळतात. त्यात क्रिप्टोग्राफी फुटत नाही, गणित चुकत नाही. काय सिद्ध करणार तुम्ही?

एका ठिकाणी (नाव घेत नाही) भागीदार नेटवर्कांच्या यादीत एक नोंद चाचणीपुरती घातलेली होती आणि ती काढायची राहून गेली. आठ महिने ती नोंद गाठोडी मागू शकत होती. कोणी मागितली नाहीत हे नशीब. हे टॅमरिन सांगेल?

निमूट

जुना_खांब काकांशी अर्धा सहमत. टॅमरिन तुमची यादी तपासणार नाही. पण ‘यादीतला एक भागीदार बदमाश निघाला तर बाकीच्यांचं काय बिघडतं?’ हा प्रश्न त्याला विचारता येतो, आणि रोमिंगमध्ये मला तोच सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

यावर जुनी गोष्ट आहेच. नीडहॅम-श्रोडरचा सार्वजनिक किल्लीवाला प्रोटोकॉल १९७८ चा. त्याचा गाभा म्हणजे तीन निरोप. बॅन लॉजिकने (प्रोटोकॉल तर्काने तपासायची जुनी पद्धत) तो तपासलाही होता. गॅव्हिन लो यांनी १९९५ मध्ये त्यावर हल्ला दाखवला, सतरा वर्षांनी! गंमत म्हणजे त्यात बाहेरच्या चोराने काही फोडलेलं नाही. ‘अ’ स्वतःहून एका नोंदणीकृत भामट्याशी बोलायला जाते, आणि भामटा तिचेच निरोप पुढे सरकवून ‘ब’ला पटवतो की मीच ‘अ’. बॅन लॉजिकमध्ये बोलणारे सगळे प्रामाणिक धरलेले असतात, म्हणून त्या नजरेला हे दिसणं शक्यच नव्हतं. दुरुस्ती काय, तर दुसऱ्या निरोपात ‘ब’चं नाव घालायचं. बस्स, एक नाव.

रोमिंगमध्ये तो भामटा म्हणजे करार केलेला भागीदार.

शब्दकोडे

मुद्दा बाजूला ठेवून एक हरकत नोंदवतो. ‘पाहुणं नेटवर्क’ का म्हणताय? पाहुणा तर फोन आहे! नेटवर्क जागच्या जागीच असतं, फोन त्याच्या दारात येतो. म्हणजे ते यजमान. ‘घरचं’ आणि ‘यजमान’ अशी जोडी ठेवा, निम्मा गोंधळ मिटेल.

अर्धविराम

मान्य! गटातही हाच घोळ व्हायचा, ‘पाहुण्याची किल्ली’ म्हटलं की कोणाची ते कळायचं नाही. यापुढे यजमान.

मॅकचा क्रम दुरुस्त केला. एग्झिस्ट्स-ट्रेस हिरवा. मग निमूट म्हणतात तसा एक नियम घातला: हल्लेखोर कुठल्याही एका यजमानाला फितवू शकतो, म्हणजे त्या यजमानाला कळतं ते सगळं हल्लेखोरालाही कळतं. लेमामध्ये अट ठेवली की ज्या यजमानाशी फोन बोलतोय तो स्वतः फितलेला नसावा.

दुसऱ्या मिनिटाला लाल झालं. या वेळी खराखुरा हल्ला आहे, चित्रासकट. बाण मोजत बसले तेव्हा उलगडलं. दोन यजमान धरा, एक सज्जन आणि एक फितूर. फोन उभा आहे सज्जनाच्या हद्दीत, निदान त्याला तसं वाटतंय. त्याची विनंती हल्लेखोर हवेतून उचलतो आणि फितुराकडे नेतो. फितूर घराला म्हणतो, ‘तुमचा फोन माझ्याकडे आलाय.’ घर गाठोडं बनवून फितुराला देतं. हल्लेखोर त्यातला आकडा आणि मॅक घेऊन फोनकडे येतो आणि सज्जनाच्या नावाने देतो. फोन मॅक तपासतो. तो खरा असतोच, घरानेच बनवलेला! फोन ‘झालं’ म्हणतो. सत्राची किल्ली फितुराच्या खिशात, आणि फोन निर्धास्त की आपण सज्जनाशी बोलतोय.

गाठोड्यात कुठेही यजमानाचं नाव नव्हतं. सतरा वर्षांची गोष्ट वाचून हसले होते मघाशी.

गाठनिरगाठ

अगदी हाच हल्ला थ्रीजीच्या एकेएवर २००५ मध्ये मांडला गेलाय, तेव्हा चांगल्या संगतीत आहात. त्याआधी थ्रीजीपीपीने (मोबाईलची मानकं ठरवणारी संस्था) आपल्या एकेएची औपचारिक तपासणी केली होती, बॅन लॉजिकच्या सुधारित रूपाने आणि टीएलए नावाच्या दुसऱ्या तर्कपद्धतीने. त्या तपासणीत चूक नव्हती. फितूर यजमान तिने पाहिलाच नव्हता, इतकंच.

थोडा क्रम सांगतो, म्हणजे कोणी काय गृहीत धरलं ते दिसेल. जीएसएममध्ये १२८ बिटांचा रँडम आकडा यायचा, फोन ३२ बिटांचं उत्तर द्यायचा आणि ६४ बिटांची किल्ली तयार व्हायची. फोनची ओळख नेटवर्क तपासायचं, नेटवर्कची ओळख फोन तपासतच नसे. खोटा टॉवर त्यातूनच जन्मला. थ्रीजीने मॅक आणि काउंटर आणले, त्यामुळे गाठोडं घरून आलंय एवढं फोनला कळू लागलं. पण गाठोडं कोणाला दिलं हे कळेना. फोरजीने यजमानाचं नाव किल्ली काढण्याच्या सूत्रात घातलं. फाईव्हजीतही तसंच आहे. मॅकमध्ये मात्र ते नाव आजही नाही.

म्हणून तुमच्यापुढे दोन वाटा. नाव मॅकमध्ये घाला, म्हणजे फोनला तिथल्या तिथे कळेल. किंवा फोरजीसारखं किल्लीत घाला, म्हणजे फोनची किल्ली आणि फितुराची किल्ली वेगवेगळ्या निघतील आणि पुढचं संभाषण जुळणारच नाही. दुसरी वाट घेतलीत तर पुढे एक खड्डा आहे. तो सांगत नाही, टॅमरिनच दाखवेल.

टवाळ_टोळ

मास्तर पेपर फोडत नाहीत!

जुना_खांब

निमूटराव, फितूर भागीदाराचा मुद्दा पटला. माझ्या यादीतली ती उरलेली नोंद म्हणजे तुमच्या भाषेत फितूर यजमानच की.

मग याच ओघात अजून एक. फोरजीपर्यंत घर गाठोडी देऊन मोकळं व्हायचं, थ्रीजीत तर एका वेळी पाचपर्यंत सुद्धा. फोनने उत्तर दिलं का, बरोबर दिलं का, हे यजमान तपासायचा आणि घराला नुसतं कळवायचा. फोन आलेलाच नसताना यजमानाने ‘आलाय’ म्हणून बिल लावलं, तर घराकडे पुरावा काय? आमच्याकडे हे वाद कागदपत्रांवर मिटायचे, प्रोटोकॉलवर नाही.

गाठनिरगाठ

आणि फाईव्हजीत नेमकं तेच बदललं. घर आता यजमानाला खरं उत्तर देतच नाही, उत्तराचा हॅश (ज्यावरून मूळ उत्तर काढता येत नाही असा ठसा) देतं. फोनचं उत्तर आलं की यजमान त्याचा हॅश काढून जुळवतो, आणि मग मूळ उत्तर घराकडे पाठवावं लागतं. घर ते स्वतः पडताळतं, त्यानंतर ग्राहकाची खरी ओळख आणि सत्राची किल्ली यजमानाला मिळते. फोन खरंच तिथे असल्याशिवाय यजमानाला ते उत्तर रचता येत नाही. ओळखसुद्धा आता हवेतून उघडी जात नाही, घराच्या सार्वजनिक किल्लीने झाकून जाते.

पण या शेवटच्या टप्प्यातच एक बारीक फट निघाली होती. घरचं नेटवर्क म्हणजे कागदावर एक चौकोन. प्रत्यक्षात त्यात वेगवेगळी यंत्रं असतात, एक गाठोडं बनवतं, दुसरं उत्तर पडताळतं. कास क्रेमर्स आणि सहकाऱ्याने २०१९ मध्ये ती सुटी करून चार पात्रांचं मॉडेल केलं. समजा, एकाच यजमानाकडे एकाच वेळी दोन सत्रं सुरू आहेत, एक हल्लेखोराच्या स्वतःच्या सिमचं आणि एक बळीच्या नावाचं. यंत्रांमधली वाहिनी एन्क्रिप्टेड आहे, पण ‘हे उत्तर कुठल्या प्रश्नाचं’ हे तिच्यात बांधलेलं नाही. उत्तरांची अदलाबदल झाली की हल्लेखोराला माहीत असलेली किल्ली बळीच्या नावावर चढते. त्यांनी तपासलेल्या मसुद्यात हे शक्य होतं.

यात हवेतल्या निरोपांना कोणी हातच लावला नाही, गडबड सगळी तारेत. आपल्याकडे कोणी ‘सुरक्षित वाहिनी’ असे दोन शब्द लिहून पुढे जातं ना, तिथे मी पेन्सिल घेऊन थांबतो. सुरक्षित म्हणजे कोणी वाचू शकत नाही? बदलू शकत नाही? पुन्हा पाठवू शकत नाही? क्रम बदलू शकत नाही? अर्धविराम, तुमच्या मॉडेलमध्ये यजमान आणि घर यांच्यामध्ये काय आहे?

अर्धविराम

‘सुरक्षित वाहिनी’. :D

टॅमरिनमध्ये एक फॅक्ट (मॉडेलमधली नोंद) लिहिलंय, यजमानाचं नाव, घराचं नाव आणि निरोप. सत्राचा क्रमांक नाही. घालते.

निमूट

एक विषयांतर करू का? वर बॅन लॉजिक आलं म्हणून. रोमिंग ऑथेंटिकेशनवर, विशेषतः निनावी रोमिंगवर, लेखांचा एक अखंड ओघ आहे. २००४ मध्ये एक योजना आली, २००६ मध्ये दुसऱ्यांनी तिच्यातल्या चुका दाखवून सुधारित मांडली, २००८ मध्ये तिसऱ्यांनी सुधारितातल्या चुका दाखवल्या. पुढेही हेच चालू. त्यांतल्या कित्येकांच्या शेवटी बॅन लॉजिकचं एक पान असतं आणि त्यावर ‘म्हणून सुरक्षित’. विद्यार्थिदशेत असे पंधरा-वीस वाचले आणि उबग आला. सिद्धतेचं पान शेवटी चिकटवलेलं असतं, आराखडा त्या पानामुळे कुठे बदललेला दिसत नाही. इथे अर्धविराम यांचा प्रोटोकॉल दोनदा बदललाय, म्हणून हा धागा वाचायला मजा येतेय.

शब्दकोडे

निमूट, एवढं बोललात! आयडी बदला आता.

अर्धविराम

गाठनिरगाठ यांच्या खड्ड्यात पडून बाहेर आले.

यजमानाचं नाव सत्राच्या किल्लीत घातलं. किल्लीच्या गुप्ततेचा लेमा हिरवा, एग्झिस्ट्स-ट्रेसही हिरवा (आता तोच आधी बघते). पण ‘फोनने या यजमानाशी सत्र पूर्ण केलं तर त्या यजमानाने याच फोनशी याच किल्लीने सत्र चालवलंय’ हा लाल. चित्रात तोच जुना हल्ला, फक्त शेवट वेगळा: फितुराकडची किल्ली आता फोनच्या किल्लीशी जुळत नाही. म्हणजे हल्लेखोराला काही वाचता येत नाही. पण फोन तर ‘झालं’ म्हणून बसलाय, आणि सज्जन यजमानाला त्या फोनची गंधवार्ता नाही.

चूक ‘झालं’ कधी म्हणायचं यात होती. आमचा फोन मॅक पटला की लगेच ‘झालं’ म्हणत होता. त्या क्षणी त्याला एवढंच ठाऊक असतं की घर जागं आहे. समोर कोण आहे ते किल्ली वापरून पहिला निरोप आल्यावरच कळतं. म्हणून एक फेरी वाढवली: यजमान नव्या किल्लीने एक मॅक पाठवतो, फोन तो तपासतो आणि मगच पूर्ण.

हिरवं. पण काउंटरमुळे टॅमरिन गरागरा फिरत होतं. काउंटर वाढतो, त्याआधी वाढलेला असतो, त्याच्याही आधी वाढलेला असतो... रात्रभर चालू ठेवलं, सकाळी मेमरी संपून बंद पडलेलं. ‘काउंटर फक्त वाढतो’ हा मदतनीस लेमा इंडक्शनने (पायरीपायरीच्या गणिती सिद्धतेने) आधी सिद्ध केला, तेव्हा चाळीस मिनिटांत संपलं.

गाठनिरगाठ

वा! डेव्हिड बेसिन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये फाईव्हजी एकेए टॅमरिनमध्ये तपासला, तेव्हा त्यांनाही हेच बोचलं होतं. किल्लीची खातरजमा होईपर्यंत फोन आणि यजमान यांच्यात हवा तसा मेळ नसतो, आणि ती खातरजमा व्हायलाच हवी असं मानकात पुरेसं स्पष्ट लिहिलेलं नव्हतं.

काउंटरबद्दल: प्रोव्हेरिफने (टॅमरिनसारखंच दुसरं हत्यार) कदाचित चार सेकंदांत संपवलं असतं, पण मग खोटा हल्ला दाखवला असता. ब्रुनो ब्लांशे यांचं ते हत्यार हॉर्न क्लॉजवर, म्हणजे ‘हे खरं असेल तर तेही खरं’ अशा नियमांवर चालतं. एकदा खरी ठरलेली गोष्ट कायमची खरी, कितीही वेळा वापरा. ‘हे एकदाच घडतं’ हे त्याला नीट उमगत नाही. टॅमरिनमध्ये फॅक्ट खर्ची पडतं, म्हणून काउंटर जमतो, पण मग ते संपेलच याची हमी नाही. दोष हत्याराचा म्हणता येत नाही. सत्रांच्या संख्येवर मर्यादा नसेल तर हा प्रश्न मुळात अनिर्णेय आहे.

जुना_खांब

ठीक, मी हरलो असं समजा. पण एक विचारतो. वायफायच्या डब्ल्यूपीए२ या सुरक्षा पद्धतीची सिद्धता झाली होती ना? मग २०१७ मध्ये क्रॅक नावाचा हल्ला कसा आला?

निमूट

झाली होती, २००५ मध्ये. आणि ती सिद्धता आजही खोटी ठरलेली नाही! किल्ली गुप्त राहते असं तिच्यात होतं, ती राहतेच. माथी व्हानहूफ यांनी दाखवलं ते असं: चार निरोपांतला तिसरा हल्लेखोराने पुन्हा पोचू दिला की फोन तीच किल्ली पुन्हा बसवतो, आणि बसवताना पाकिटांचा नॉन्स (एकदाच वापरायचा आकडा) परत सुरुवातीला नेतो. एकाच नॉन्सवर दोन पाकिटं गेली की एन्क्रिप्शन उसवतं. ‘किल्ली कधी बसवायची, कितीदा बसवायची’ हा प्रश्न २००५ च्या मॉडेलमध्ये नव्हताच. पुढे २०२० मध्ये तो धरून टॅमरिनमध्ये नवं मॉडेल झालं, दुरुस्तीसकट.

गाठनिरगाठ

याच जातीचं एक उदाहरण आपल्या विषयातलं, आणि अर्धविराम, हे तुम्हाला लागू आहे. काउंटर हवेतून जाताना कसा झाकताय?

अर्धविराम

एकेएसारखाच. रँडम आकडा आणि कायमची किल्ली यांतून एक मुखवटा काढायचा आणि काउंटरशी एक्सऑर करायचा (बिटांची अशी बेरीज, की तोच मुखवटा दोनदा लावला तर उडून जातो). मॉडेलमध्ये ते एन्क्रिप्शन म्हणून लिहिलंय. एक्सऑर लिहिलं तर फार जड जातं म्हणे.

गाठनिरगाठ

जड जातंच. टॅमरिनमध्ये एक्सऑर आलं तेच २०१८ मध्ये. पण हे बघा. काउंटर जुळला नाही की एकेएमध्ये फोन ‘सिंक चुकलं’ असा निरोप पाठवतो आणि त्यात स्वतःचा काउंटर मुखवट्याखाली देतो. मुखवटा कशावर ठरतो? किल्लीवर आणि आलेल्या रँडम आकड्यावर. हल्लेखोर एकच जुना आकडा आज पाठवतो आणि आठवड्याने पुन्हा पाठवतो. दोन्ही वेळा मुखवटा तोच! दोन निरोप एकमेकांशी एक्सऑर केले की मुखवटा उडतो आणि हातात राहतं दोन काउंटरांचं एक्सऑर. २०१९ मध्ये दाखवलं गेलं की अशा चाचण्या नीट आखल्या तर काउंटरचे शेवटचे काही बिट कळतात, आणि त्यावरून मधल्या काळात फोनने साधारण किती वेळा सेवा वापरली तेही. तुमच्या मॉडेलमध्ये एन्क्रिप्शनचं पक्कं कुलूप आहे, त्यामुळे हे कधीच दिसणार नाही.

अर्धविराम

म्हणजे मुखवट्याला दर वेळी फोनकडून एक ताजा आकडा हवा. तो घालते. आणि एक्सऑरही खरं लिहिते, रात्री चालत राहू दे.

तेवढ्यात अजून एक विचारते. माझा फोन दोन वेगळ्या तक्रारी करतो, ‘मॅक चुकला’ आणि ‘सिंक चुकलं’. काल चित्र बघताना वाटलं की...

निमूट

बरोबर वाटलं. मिर्तो अरापिनिस आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये थ्रीजीवर हेच दाखवलं. बळीचं एक जुनं गाठोडं पकडून ठेवायचं आणि परिसरातल्या प्रत्येक फोनला पाठवायचं. बाकीचे सगळे म्हणतील ‘मॅक चुकला’, कारण किल्ली त्यांची नाही. एकच म्हणेल ‘सिंक चुकलं’. तोच तो. नाव कळायची गरजच नाही, माणूस या खोलीत आहे एवढं कळलं की पाठलाग करणाऱ्याचं भागलं. फाईव्हजीत ओळख झाकली तरी हे शिल्लकच राहिलं.

तुमच्या आत्ताच्या लेमांमध्ये हे येणार नाही. ‘असं कधी घडत नाही’ एवढंच ते विचारतात. इथे विचारायला हवं की दोन फोनांमधला फरक हल्लेखोराला ओळखता येतो का. त्यासाठी टॅमरिन वेगळ्या मोडमध्ये चालवावं लागतं, आणि ते अजून हळू.

जुना_खांब

मग दोन्ही तक्रारींना एकच शब्द वापरा ना. ‘नाही जमलं.’ प्रश्न मिटला.

अर्धविराम

आम्हीही जेवणाच्या सुट्टीत हेच ठरवलं आणि तासाभरात परत आलो. तक्रार एकच केली तर काउंटर खरंच चुकला असताना घराला कळणारच नाही, आणि तो फोन कायमचा बाहेर. एग्झिस्ट्स-ट्रेसचा एक लेमा ‘काउंटर चुकलेला फोन पुन्हा जोडला जातो’ असा घातला होता, तो लगेच लाल.

आता करतोय ते असं: दोन्ही तक्रारी एकाच लांबीच्या, घराच्या सार्वजनिक किल्लीने झाकून, आत एक ताजा आकडा. यजमानालाही फरक कळणार नाही, फक्त घराला कळेल. उपकरणं बॅटरीवर चालतात, त्यामुळे सार्वजनिक किल्लीचं गणित परवडेल का, यावर गटात आजपासून भांडण सुरू. अहवालाचा मसुदा ज्याने सुरू केला होता त्याने तो तीन फोल्डर आत हलवलाय.

एक्सऑरवालं मॉडेल काल रात्री लावलंय, अजून चालू आहे. मेमरी एकोणसाठ जीबी. संपलं की इथेच कळवते.

टवाळ_टोळ

आणि चार सेकंदांत संपलं तर?

अर्धविराम

तर आधी मॅकचा क्रम बघेन.